टिकली लावलेल्या बॅटऱ्या

अहो, परवा तुमचं हेल्मेट जावईबापूंना द्यायला म्हणून काढलं, तर आतल्या गादीत खुपसलेली बॅटरी निघाली. त्याआधी साखरेच्या डब्यामागे एक, स्वेटरच्या आतल्या खिशात दोन, आणि देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली, जुन्या कॅमेऱ्याची ती फुगलेली, जी फेकून द्या म्हणून मी घसा कोरडा केला होता. भेटायला येणारे सांगतात, वहिनी, आता आठवणींवरच दिवस काढायचे. आठवणी येतील तेव्हा येतील. सध्या मला बॅटऱ्या सापडतायत.

आणि त्यातली एकही भरलेली नाही. एकही नाही हो!

तुम्ही फोटो काढायचे आणि मी बॅटऱ्या सांभाळायच्या, ही वाटणी आपण कधी बसून केली नव्हती. रोलचा कॅमेरा होता तोवर माझा तुमच्या धंद्याशी संबंध डब्यापुरताच. मग डिजिटल आला. तुम्ही घरी आलात ते नाचतच. आता रोल नको, धुणं नको, कितीही काढा! कितीही काढायचे तर कॅमेऱ्याला खायलाही तेवढंच घालावं लागतं, हे त्या दुकानदारानं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. पंचवटीतल्या त्या पहिल्याच लग्नात सीमांतपूजनाला कॅमेऱ्यानं मान टाकली. दुसरी बॅटरी चार्जरला लावलेली होती म्हणे. जाऊन बघतो तर कुणीतरी चार्जर काढून तिथं आपला मोबाइल लावलेला. तुम्ही डोक्याला हात लावून बसलात, आणि पुढच्या लग्नाला मला म्हणालात, "अगं, येतेस का? नुसतं बसायचंय."

तेव्हापासून मी बसलेच. नाशकातलं एक कार्यालय, एक लॉन्स असं नाही की जिथला चालू प्लग मला माहीत नाही. स्टेजमागचा बोर्ड डीजेवाल्याचा असतो, त्याच्या नादी लागायचं नाही. भटारखान्याजवळचा बोर्ड तेलकट पण भरवशाचा. सगळ्यात चांगला पाण्याच्या कूलरमागचा, फक्त तिथं पाय ओले होतात. लग्नाला जायचं म्हणून मी ठेवणीतली साडी नेसायची, आणि पत्रावळींच्या गठ्ठ्याशेजारी खुर्ची टाकून चार्जरच्या दिव्याकडे बघत बसायचं. "ताई, पाचच मिनिटं मोबाइल लावू का?" "नाही." "अहो, अर्जंट आहे." "माझंही अर्जंटच आहे." लोक मला चार्जरवाल्या बाई म्हणायचे, तुम्हाला कुणीतरी ते सांगितलं आणि तुम्ही हसलात, हे मी विसरलेले नाही.

इतक्या लग्नांना गेले, पण हातातल्या अक्षता कधी नवरानवरीवर पडल्या नाहीत. वाजंत्री एकदम वाढली की समजायचं, लागलं लग्न. मग मी आपल्या अक्षता चार्जरच्या दिशेनं टाकायची. मग तुम्ही यायचात, घामाघूम, माझ्याकडे न बघता हात मागे करायचात, आणि मी त्या हातावर बॅटरी ठेवायची. रिकामी तुम्ही माझ्या मांडीत टाकायचात. एखाद्यानं बघितलं तर वाटावं, यांचं भांडण आहे.

टिकल्यांची आयडिया माझी. भरलेली बॅटरी आणि रिकामी बॅटरी बाहेरून अगदी सारख्या, तोंडावरून काही कळत नाही. तुमची पद्धत, उजव्या खिशात भरलेल्या आणि डाव्या खिशात रिकाम्या. ऐकायला छान. पण मधेच रुमाल काढायचात, मग आहेराचं पाकीट कुठंतरी कोंबायचात, आणि कन्यादानापर्यंत दोन्ही खिशांची खिचडी. म्हणून मी चार्जरचा हिरवा दिवा लागला की बॅटरीवर एक लाल टिकली लावायला लागले. टिकली आहे म्हणजे भरलेली. कॅमेऱ्यात घालण्याआधी टिकली काढायची, एवढं एकच काम तुमच्याकडे दिलं होतं. तेही नाही! टिकलीसकट बॅटरी आत ढकलायची, ती अडकायची, आणि नवरदेव दारात ओवाळणीला उभा असताना तुम्ही नखानं बॅटरी उकरत बसायचात. पुढं काढायला शिकलात, तर काढलेली टिकली स्वतःच्या बाहीवर चिकटवायला लागलात. संध्याकाळपर्यंत बाहीवर टिकल्यांची रांग. एका वरमाईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, तुमच्या मिस्टरांचं सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक काहीच नाही, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही.

आपलं खरं भांडण त्या मागच्या स्क्रीनवरून. ते काही मिटलं नाही, मिटवायला आता तुम्ही नाही. स्क्रीन बॅटरी खाते, हे मला तुम्हीच शिकवलंत. आणि फोटो काढला की लगेच मान खाली घालून स्क्रीन बघत बसणारेही तुम्हीच. मुहूर्त लागला की तर तुम्ही गायबच व्हायचात. स्क्रीन चालू, माणूस दिसत नाही, आणि परत आलात की बॅटरी लाल. "एवढं काय बघत होतात?" म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "तुला नाही कळायचं." या तीन शब्दांनी माझं जेवढं रक्त आटवलं तेवढं तुमच्या बाकी सगळ्या उद्योगांनी मिळून आटवलं नाही.

मला मुहूर्ताचा फोटो काढायचा होता. एकदाच. बायकांच्या खोलीतले फोटो मीच काढत होते, चुडा भरतानाचे, मेंदीचे, नवरी पदर सावरतानाचे, कारण तिथं तुम्हाला जाता यायचं नाही. ते अल्बममध्ये लावताना तुम्ही चांगले आहेत असं कधी म्हणाला नाहीत, पण कुठला काढूनही टाकला नाहीत. मी म्हणायची, एखादा मुहूर्त मला द्या. तुम्ही म्हणायचात, "मुहूर्त दुसऱ्यांदा लागत नाही." मग मी विचारायची, मी चुकेन असं का वाटतं? "चुकशील असं नाही गं, पण मग बॅटऱ्या कोण बघणार?"

आणि एवढी काळजी बॅटऱ्यांची. बारशासारखं दोन तासांचं काम असलं तरी सहा बॅटऱ्या, का तर एखादीनं दगा दिला तर? डॉक्टरांनी छातीच्या तपासण्या लिहून दिल्या, तर तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली. सीझन संपू दे. सीझन संपला तर साखरपुडे आले. साखरपुडे संपले तर पुढचा सीझन. तुम्ही गेल्यावर तुमचे ते फोटोग्राफर मित्र आले आणि डोळे पुसत म्हणाले, "बॅटरीच संपली हो वहिनी, माणसाची." मला त्यांना चहाच्या कपासकट बाहेर काढावंसं वाटलं. बॅटरी संपली काय? बॅटरी संपली तर दुसरी घालता येते. मी जन्मभर तेच तर केलं.

दहाव्याला मनमाडहून आत्याबाई आल्या. मला सासू नाही, त्यामुळे तो मान त्यांचाच, आणि त्या तो वसूल करतात हे तुम्हाला माहीत आहे. घरभर फिरून त्यांनी माझ्या टिकल्यांची पाकिटं गोळा केली. खणातून, आरशामागून, तुमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेतून. एवढी पाकिटं बघून त्यांनाही वाईट वाटलं असावं, हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता कशाला गं डोळ्यांसमोर? मी मुलींना वाटून टाकते." मी म्हटलं, "आत्याबाई, त्या माझ्या नाहीत. बॅटरीच्या आहेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीनलकडे पाहिलं, आणि मीनलला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, आईकडे लक्ष ठेव, तिच्या मनावर परिणाम झालाय. ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं आणि मी हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले. हसताहसता तुम्हाला सांगायला म्हणून वळले, आणि मग जे काही झालं ते झालं.

पाकिटं मात्र परत घेतली.

तेराव्यानंतर निफाडहून मंगलताई आल्या. त्यांच्या थोरलीचं लग्न तुम्ही काढलं होतं, आणि मधली, प्राजक्ता, तिचं मार्गशीर्षात ठरलेलं, तेही तुमच्याकडे. मीनल आदल्या दिवशीच म्हणाली होती, "आई, त्यांना आपणच नाही म्हणून कळवू. त्यांना अवघड नको." आत्याबाई तर म्हणाल्या, वर्ष सरेपर्यंत शुभकार्यात पाऊल घालायचं नसतं, लोक नावं ठेवतील आणि पोरीच्या मनात किंतू येईल. मलाही ते पटल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू. मंगलताई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मी समजले, रद्द करायला आल्यात. मग त्या म्हणाल्या, "ताई, भाऊ तं गेले. पन प्राजूचं लगीन तुमीच काढा."

"मी? अहो, माझ्या घरात हे असं..."

"ते मला कळतंय. आमच्याकडं लय बोलतील. बोलू द्या, त्यांचं मी बघते. थोरलीच्या हळदीला तुमी बॅटऱ्या पोटाशी धरून बसल्या व्हत्या, मी इसरले नाय."

तुम्ही मात्र विसरला होतात. निफाडची ती थंडी, भल्या सकाळची हळद, आणि घरून काठोकाठ भरून नेलेल्या बॅटऱ्या चार्जच्या एका कांडीवर आलेल्या. चारचौघांत मला विचारलंत, "रात्री लावल्या नव्हत्यास का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्या बॅटऱ्या शालीत गुंडाळून पोटाशी धरल्या आणि चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं कांड्या परत आल्या. तुम्ही म्हणालात, "चालली की!" जशी तुम्हीच चालवली. पुढं मित्रांना सांगताना तर तो शोध तुमच्याच नावावर जमा झाला, निफाडकडे बॅटरी अंगाशी धरायची असते, अनुभवाचे बोल आहेत. मी चहा देत होते, तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत.

मी मंगलताईंना हो म्हटलं. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या भरल्या, टिकल्या लावल्या. शेवटची बॅटरी झाल्यावर एक टिकली बोटावर उरली. आरशासमोर गेले आणि लावली. तुम्ही जिवंत होतात तेव्हाही ती मी तुमच्या परवानगीनं लावत नव्हते.

मंगलताईंनी द्राक्षांच्या क्रेटांची पिकअप पाठवली होती, तिच्यात पुढं बसून गेले. हळद काढली, चुडा काढला, घाणा भरणं काढलं. दोघीतिघींनी माझ्या कपाळाकडे पाहून तोंडं फिरवली. एक म्हातारी तर सरळच म्हणाली, "हीच का ती? हिचा मालक जाऊन महिना नाय झाला." प्राजक्ता पाटावर बसलेली, हळदीनं माखलेली, तिनं मान न वळवता सांगितलं, "आजी, माझे फोटो काकूच काढणार हायेत. तुला नको असंल तं तू फोटोत येऊ नको." म्हातारी पुढच्या प्रत्येक फोटोत आहे.

मुहूर्त गोरजचा. ऊन उतरलं तशी थंडी पडायला लागली, कॅमेऱ्यातली बॅटरी गळायला लागली. म्हटलं, मुहूर्ताला ताजी घालू. लॉन्सच्या कडेला एक खांब होता, त्यावर बोर्ड, तिथं मी चार्जर लावला होता. गेले, रिकामी काढून चार्जरला लावली, ताजी काढून हातात घेतली. तेवढ्यात एक पोरगा आला, "काकू, पाच मिनिटं मोबाइल..." मी म्हटलं, "नाही." आणि खुर्ची ओढून बसले.

बसले हो! कॅमेरा माझ्याच गळ्यात, आणि मी चार्जरशेजारी बसले. माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी आपली नेहमीसारखी कानानं लग्न ऐकतेय. टिकली लावलेली बॅटरी तळहातावर तयार. मनात एवढंच, हे आता येतील, हात मागे करतील. उशीर का करतायत, म्हणून मी चिडलेसुद्धा तुमच्यावर.

"ओ ताई!"

खांबाच्या पलीकडे तुळशीची कुंडी ठेवली होती आणि मंगलताई तिच्यापुढे पाटावर बसल्या होत्या. आपल्याकडे मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं, तुळशीपाशी बसायचं असतं. त्या डोळे वटारून माझ्याकडे बघत होत्या. "मी आई हाय म्हनून हितं बसले. तुमी कशाला बसल्या?"

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. बॅटरी आत ढकलली, टिकलीसकट, आणि ती बसली, कशी कोण जाणे. माणसांना कोपरं मारत गेले. एकानं म्हटलं, अहो बाई, काय हे. शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. अंतरपाटाच्या या बाजूला प्राजक्ता, डोळे मिटलेले, हातात हार. सावधान झालं, अंतरपाट खाली गेला, तिनं डोळे उघडले, आणि मी काढला. काढतच राहिले. डोक्यावर, कॅमेऱ्यावर, मानेत अक्षता पडत होत्या. अक्षता अशा जोरात लागतात हे मला माहीत नव्हतं.

आणि मग मी काय केलं असेल? मान खाली घालून स्क्रीन बघत बसले. डोळे उघडलेली प्राजक्ता. फोटो नुसता बरा नाही, चांगला आलाय. मला तो कुणालातरी दाखवायचा होता आणि दाखवायला तुम्ही नव्हतात. मला इतका राग आला तुमचा की रडूच आलं.

तोवर मंगलताई तुळशीपासून उठून आल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. मला कळेना. त्या म्हणाल्या, "दाखवा ना. भाऊ दाखवायचे."

"कुणाला?"

"मला दाखवलं की थोरलीचं. लगीन लागलं तसे पळत आले तुळशीपाशी. म्हनले, आईनं बगायचं नसतं ते लागायच्या आधी. आता लागलं, आता बगा. लय वेळ दाखवत व्हते. पुन्ना दाखवा म्हनलं तं पुन्ना दाखवलं. त्ये म्हनले, मी सगळ्याच आयांना दाखवतो."

मी त्यांना दाखवलं. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला, फोटोवर बोट फिरवलं, पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे. लाल दिवा लुकलुकायला लागला. स्क्रीन काळी झाली तेव्हा मी दुसरी बॅटरी काढून घातली आणि परत दाखवलं.

काय माणूस आहात हो तुम्ही! इतकी वर्षं प्रत्येक लग्नात मी "बॅटरी कुठं जाळली?" म्हणून तुम्हाला बोलत राहिले, आणि तुम्ही "तुला नाही कळायचं" म्हणून ऐकून घेत राहिलात. न कळायला त्यात होतं काय? मलाही एक मुलगी आहे. मीनलच्या लग्नात मीही तुळशीपाशीच बसले होते, आणि अक्षता पडल्यावर तुम्ही माझ्याकडेही आला होतात, कॅमेरा घेऊन. मला वाटलं, बॅटरी मागायला आलात. मी न बघताच तुमच्या हातावर बॅटरी ठेवली. तुम्ही ती खिशात टाकलीत आणि निघून गेलात. सांगायचं ना, अगं, बघ म्हणून. एवढे दोन शब्द जड झाले होते?

निघताना मंगलताईंच्या जाऊबाई पिकअपपाशी आल्या. फाल्गुनात त्यांच्या लेकीचं लग्न आहे. "फोटोला याल का?" म्हणाल्या. मग जरा चाचरत विचारलं, "मुहूर्ताचे कोन काढतं तुमच्याकडं?"

"मीच काढते," म्हटलं.

यावर तुम्ही गप्प बसणारे नव्हेत, मला माहीत आहे. बोला ना काहीतरी, अहो.